पडद्यामागची स्मृती

संगणकाच्या पडद्यावर एखादे चित्र स्थिर दिसते, तेव्हा ते वस्तुतः स्थिर नसते. भिंतीवरील तसबीर एकदा खिळ्याला अडकविली की काम संपले, असा प्रकार तेथे नाही. पडदा ते चित्र दर सेकंदास साधारणतः ६० वेळा नव्याने रेखाटीत असतो, आणि प्रत्येक वेळी ते कोठून तरी वाचून घ्यावे लागते. ज्या ठिकाणाहून ते वाचले जाते ते ठिकाण म्हणजे चित्रस्मृती. आजच्या व्यवहारातील शब्द वापरावयाचा तर ग्राफिक्स मेमरी. आडवे १,९२० आणि उभे १,०८० चित्रबिंदू असलेल्या पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू येतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ४ बाइट धरले, तर एका चित्रास सुमारे ८३ लाख बाइट लागतात आणि ते नुसते दाखवीत राहण्यासाठी दर सेकंदास जवळजवळ ५० कोटी बाइट वाचावे लागतात. चित्र रचण्याचा खर्च याहून निराळा, आणि कितीतरी पटींनी मोठा.

या स्मृतीसंबंधी आजवर तीन प्रश्न विचारले गेले. ती किती मोठी असावी, ती किती त्वरेने बोलावी, आणि तिच्या बोलण्याचे नियम कोणी ठरवावेत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शास्त्रज्ञांनी दिली. तिसरा प्रश्न मात्र शास्त्राइतकाच व्यापाराचा, कायद्याचा आणि परस्परविश्वासाचा आहे. आणि या स्मृतीचे पुढे काय होणार, हेही बव्हंशी त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे.

गंमत अशी की, संगणकाच्या बाल्यावस्थेत पडदा हीच स्मृती होती. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात फ्रेडी विल्यम्स व टॉम किलबर्न यांनी ऋणकिरण नलिकेच्या काचेवर विद्युत्‌भाराचे ठिपके उमटवून त्यांत आकडे साठविण्याची युक्ती काढली. ‘बेबी’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या यंत्राने २१ जून १९४८ रोजी आपल्या स्मृतीत साठविलेली पहिली आज्ञावली चालविली. त्या स्मृतीत अवघे १,०२४ बिट मावत. ठिपक्यांतील भार क्षणार्धात ओसरू लागे. म्हणून ते पुनःपुन्हा वाचून पुनःपुन्हा लिहावे लागत.

त्यानंतरच्या पिढीची स्मृती चुंबकीय होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधला गेलेला आणि १९६० मध्ये कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक याच पिढीतला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. फेराइटच्या बारीक कड्यांनी विणलेल्या त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द राहत. आलेख व अक्षरे दाखविण्यासाठी त्यास ऋणकिरण नलिकाही जोडलेली होती. पण त्या साऱ्या स्मृतीचे बाइटांत रूपांतर केले तर ती सुमारे १० हजारांच्या आसपास भरते. आजच्या साध्या पडद्यावरील एक चित्र साठवावयाचे म्हटले, तर आठशेहून अधिक टिफ्रॅक लागले असते.

चित्र साठविणे शक्य झाले ते सिलिकॉनमुळे. आय. बी. एम. मधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली एक विलक्षण साधी कल्पना सुचली. एक ट्रान्झिस्टर हे दार आणि एक सूक्ष्म धारित्र हे घर. घरात भार असेल तर एक, नसेल तर शून्य. हीच ‘डीरॅम’. १९६८ मध्ये तिचे एकस्व मंजूर झाले. १९७० मध्ये इंटेलने बाजारात आणलेल्या ११०३ या डीरॅम चिपमध्ये १,०२४ बिट होते, म्हणजे ‘बेबी’च्या साऱ्या स्मृतीइतकेच, मात्र आता ते नखाएवढ्या जागेत मावत होते. या घरातील भारही गळतच असतो आणि तो वारंवार भरावाच लागतो. मँचेस्टरच्या काचेवरील ठिपक्यांचा तो स्वभाव सिलिकॉनमध्येही उतरला.

१९७३ हे वर्ष या कथेत महत्त्वाचे आहे. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात त्या वर्षी दोन यंत्रे उभी राहिली. रिचर्ड शूप यांच्या ‘सुपरपेंट’ने संपूर्ण रंगीत चित्र बिंदूबिंदूने स्मृतीत ठेवून दाखविले. ‘आल्टो’ या दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर ६०६ गुणिले ८०८ बिंदू होते; प्रत्येक बिंदूस एकच बिट धरूनही यंत्राच्या १२८ किलोबाइट स्मृतीपैकी जवळजवळ निम्मी त्या पडद्याने गिळली. चित्रासाठी अर्धे घर रिकामे करून देणे ही चैन संशोधन केंद्रालाच परवडणारी होती.

ती चैन ज्यांना परवडत नव्हती, त्यांनी चित्र सोडून अक्षरांवर भागविले. १९८१ साली आय. बी. एम. च्या वैयक्तिक संगणकासोबत आलेल्या एकरंगी कार्डावर केवळ ४ किलोबाइट स्मृती होती. तीत चित्र नव्हे, तर अक्षरांचे क्रमांक ठेवले जात, आणि क्रमांकावरून रोमन अक्षराचा ठरीव साचा पडद्यावर उमटे. ज्यांची भाषा रोमन लिपीत लिहिली जाते त्यांची यामुळे काहीच अडचण झाली नाही. ज्यांच्या लिपीत मात्रा वर चढतात, उकार खाली उतरतात आणि व्यंजने एकमेकांत मिसळून जोडाक्षरे होतात, त्यांना मात्र त्या पडद्यावर प्रवेश नव्हता. १९८२ मध्ये व्हॅन सुवन्नुकुल यांनी ६४ किलोबाइट स्मृतीचे ‘हर्क्युलिस’ कार्ड तयार केले. आपला प्रबंध थाई लिपीत लिहिता यावा, हा त्यामागील मूळ हेतू होता. आपल्याकडेही याच दशकात आय. आय. टी. कानपूर येथे भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ तंत्राचे काम झाले, आणि १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने पुण्याहून ते जिस्ट कार्डाच्या रूपाने संगणकांपर्यंत नेले. देवनागरी पडद्यावर आली ती अशा वाटेने. चित्रस्मृती हा केवळ खेळ खेळणाऱ्यांच्या हौसेचा विषय नाही, हे यावरून ध्यानात यावे.

चित्रस्मृतीची पुढील अडचण होती दाराची. साध्या डीरॅमला दार एकच. त्याच दाराने चित्र रचणारा आत जाणार आणि त्याच दाराने पडदा चित्र बाहेर नेणार. मग दोघांचीही खोळंबाखोळंब. यावर १९८० मध्ये आय. बी. एम. च्या संशोधकांनी दोन दारांची स्मृती योजिली. तिला ‘व्हीरॅम’ असे नाव पडले. एका दाराने लिहावे, दुसऱ्या दाराने पडद्याने ओळीमागून ओळ वाचून न्यावी, अशी ती व्यवस्था. काही वर्षे उत्तम कार्डांवर तीच विराजमान होती. १९९० नंतर तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या अनेक जाती निघाल्या. सॅमसंगची ‘डब्ल्यूरॅम’ मॅट्रॉक्सच्या कार्डांवर दिसली. मोसिस कंपनीची अनेक कोठ्यांची ‘एमडीरॅम’ त्सेंग लॅब्सच्या चिपसोबत आली. प्रत्येकीत काही ना काही गुण होता. परंतु प्रत्येकीचा कारखाना वेगळा, टाचण्या वेगळ्या, आज्ञा वेगळ्या. जिल्ह्याजिल्ह्याला शेर व पायली वेगळी असावी, आणि एका बाजारातले माप दुसऱ्या बाजारात कोणी हातात धरू नये, अशी ही स्थिती होती. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने वजनमापांची ती बजबजपुरी संपविली. स्मृतीच्या बाजारात कोणतेही सरकार असा कायदा करणार नव्हते. तेथे व्यापाऱ्यांनाच एकत्र बसणे भाग होते.

ते ज्या मंडळात बसले त्याचे नाव ‘जेडेक’. अमेरिकेतील विद्युत्‌ उद्योगांच्या संघटनांनी १९५८ मध्ये ते आजच्या नावाने उभे केले. चिपला किती टाचण्या असाव्यात, कोणत्या टाचणीवर कोणता संकेत यावा, त्याचा विद्युत्‌दाब किती असावा, आज्ञा दिल्यापासून किती क्षणांनी उत्तर मिळावे, हे सारे तेथे प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अभियंते मिळून ठरवितात. मानक ठरले की एका कारखान्याची चिप काढून त्या जागी दुसऱ्याची बसविता येते. त्यामुळे खरेदीदारास भाव करता येतो आणि एखादा कारखाना बंद पडला तरी दुसऱ्याचा आधार राहतो. १९९३ साली या मंडळाने एसडीरॅमचे मानक स्वीकारले आणि २००० साली दुप्पट वेगाच्या डी. डी. आर. चे प्रसिद्ध केले. ही सर्वसामान्य स्मृती इतकी स्वस्त व इतकी चपळ झाली की दोन दारांच्या खास स्मृतीचे दिवस भरले.

याच काळात एक मोठा संघर्ष उभा राहिला. मार्क हॉरोविट्झ व माइक फार्मवॉल्ड यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या रॅम्बस कंपनीने थोड्या तारांवरून अतिशय वेगाने बोलणारी स्मृती आखली होती. स्वतः चिप न बनविता, आपल्या एकस्वांचे शुल्क घ्यावे, हा तिचा व्यवसाय. १९९६ च्या निन्टेंडो ६४ या खेळयंत्रात आणि २००० च्या प्लेस्टेशन २ मध्ये तिचीच स्मृती होती. इंटेलनेही तिचा पुरस्कार केला. परंतु ती महाग पडली आणि सामान्य संगणकांचा बाजार डी. डी. आर. कडे गेला. मग रॅम्बसने दावा मांडला की, डी. डी. आर. मध्येही आपलीच एकस्वे वापरली गेली आहेत. ही कंपनी १९९२ ते १९९६ या काळात जेडेकच्या बैठकांना सदस्य म्हणून हजर होती, आणि तेथे तिने ही एकस्वे उघड केली नव्हती, असा प्रतिपक्षाचा आक्षेप होता. २००६ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने कंपनीविरुद्ध निर्णय दिला. २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. दुसऱ्या बाजूचे हातही स्वच्छ होते असे नाही. डीरॅमचे भाव संगनमताने ठरविल्याच्या आरोपावरून इन्फिनिऑनने २००४ मध्ये, आणि हायनिक्स व सॅमसंग यांनी २००५ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून दंड भरला. ज्या मेजाभोवती बसून मानक ठरते, त्याच मेजाभोवतीच्या कंपन्या पुढे एकमेकींच्या फिर्यादी झाल्या होत्या.

तथापि मेज टिकले. डी. डी. आर. च्या वंशातूनच चित्रकार्यासाठी खास अशी ‘जी. डी. डी. आर.’ ही शाखा निघाली. तिची दुसरी पिढी २००३ साली आली आणि उष्णतेने बेजार होऊन लवकरच मागे पडली. एटीआय कंपनीने पुढाकार घेऊन घडविलेली तिसरी पिढी दीर्घायुषी ठरली. विशेष हे की, २००४ मध्ये तिचा पहिला वापर एनव्हीडिया या प्रतिस्पर्धी कंपनीने केला. चौथी पिढी एटीआयने वापरली, एनव्हीडियाने वापरली नाही, आणि ती अल्पायुषी ठरली. पाचवी पिढी २००८ च्या जूनमध्ये रेडिऑन एच. डी. ४८७० या कार्डावर आली. केवळ २५६ तारांवरून तिने सेकंदास ११५ गिगाबाइट वाहून नेले. त्या कार्डासाठी स्मृती पुरविणाऱ्या क्विमोंडा या जर्मन कंपनीने जानेवारी २००९ मध्ये, म्हणजे अवघ्या काही महिन्यांत, दिवाळे जाहीर केले. कंपनी बुडाली, पण पिढी बुडाली नाही. कारण तेच मानक पाळून इतर कारखाने चिपा बनवू शकत होते. मानकाचे मोल यापरते कोठे स्पष्ट दिसावे?

पण वेग वाढविण्याची एक किंमत असते. तारेवरील संकेत जितका जलद, तितकी वीज अधिक आणि उष्णता अधिक. रहदारी वाढली तर दोनच उपाय असतात: गाड्या अधिक वेगाने पळवाव्यात किंवा रस्ता रुंद करावा. जी. डी. डी. आर. ने पहिला उपाय केला. दुसऱ्या उपायाचा विचार २०१० नंतर जोराने सुरू झाला आणि त्यातून दोन प्रतिस्पर्धी कल्पना पुढे आल्या. दोहोंतही स्मृतीच्या चकत्या मजल्यांप्रमाणे एकीवर एक रचून, त्यांना आरपार छिद्रे पाडून, उभ्या तारांनी जोडावयाचे होते. मायक्रॉन कंपनीने २०११ मध्ये ‘हायब्रिड मेमरी क्यूब’ जाहीर केला आणि सॅमसंगच्या सहकार्याने जेडेकबाहेर स्वतंत्र संघ उभारला. हा घन आपले अंतर्गत कामकाज स्वतःच पाहणार होता, आणि प्रोसेसरने त्याच्याशी पाकिटे धाडून बोलावे अशी योजना होती. एएमडी आणि हायनिक्स यांनी मात्र आपली ‘एच. बी. एम.’ ही स्मृती जेडेकच्या मेजावर ठेवली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये तिचे मानक प्रसिद्ध झाले. तिची भाषा नेहमीच्या डीरॅमचीच होती. फक्त एका मनोऱ्याला १,०२४ तारांचा रुंद रस्ता होता आणि प्रोसेसरच्या शेजारीच सिलिकॉनच्या तळपट्टीवर ती बसविली जाई.

जून २०१५ मध्ये एएमडीच्या फ्यूरी एक्स या कार्डावर तिचे चार मनोरे दिसले. रस्त्याची रुंदी ४,०९६ तारा, वेग प्रत्येक तारेवर जेमतेम एक गिगाबिट, आणि एकूण वाहतूक सेकंदास ५१२ गिगाबाइट. गाडी सावकाश, पण रस्ता प्रचंड, असा हा हिशेब होता. उणीव एकच: चार मनोऱ्यांत मिळून साठा केवळ ४ गिगाबाइट. त्याच काळातील प्रतिस्पर्धी कार्डांवर ६ व ८ गिगाबाइट साठा मिळत होता. घन मात्र निवडक महासंगणकांपलीकडे फारसा गेला नाही आणि २०१८ मध्ये मायक्रॉनने तो मार्ग सोडून एच. बी. एम. व जी. डी. डी. आर. कडे लक्ष वळविले. गुणांच्या तराजूत घन हलका होता असे म्हणता येणार नाही. परंतु त्याने सर्वांना नवी भाषा शिकावयास सांगितली, एच. बी. एम. ने जुन्याच भाषेत अधिक माणसांना एकाच वेळी बोलू दिले.

त्या सुमारास जी. डी. डी. आर. चे दिवस संपले, असे भाकीत अनेकांनी केले. ते खोटे ठरले. २०१६ मध्ये मायक्रॉनने पाचव्या पिढीची सुधारित आवृत्ती आणली, २०१८ मध्ये सहावी पिढी कार्डांवर आली, आणि ज्या एएमडीने एच. बी. एम. चा पाळणा हलविला होता, तीच २०१९ मध्ये घरगुती कार्डांसाठी जी. डी. डी. आर. ६ कडे वळली. कारण उघड होते. मनोरे रचणे, तळपट्टीवर बसविणे आणि त्यांतील एकही मजला सदोष न निघू देणे, हे काम खर्चाचे असते. २०२० मध्ये मायक्रॉन व एनव्हीडिया यांनी संकेताच्या दोन पातळ्यांऐवजी चार पातळ्या वापरून एका ठोक्यात दोन बिट पाठविण्याची युक्ती केली. मात्र ती दोघांपुरतीच राहिली, मानक झाली नाही. मार्च २०२४ मध्ये जेडेकने जी. डी. डी. आर. ७ चे मानक प्रसिद्ध केले, तेव्हा मधला मार्ग स्वीकारला गेला: तीन पातळ्या, आणि दोन ठोक्यांत तीन बिट. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आर. टी. एक्स. ५०९० या कार्डावर ही स्मृती ५१२ तारांवरून सेकंदास १,७९२ गिगाबाइट वाहते.

दरम्यान एच. बी. एम. ने आपले घरच बदलले. चित्र रचण्यासाठी बनविलेला प्रोसेसर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितासही उपयोगी पडतो, हे सिद्ध झाल्यावर या स्मृतीला पडद्याची गरजच उरली नाही. २०१६ च्या टेस्ला पी १०० पासून पुढील मोठे गणनप्रोसेसर तिच्यावरच उभे आहेत. पुण्यात सी-डॅकमध्ये २०२० साली उभारलेल्या ‘परम सिद्धी-एआय’ या महासंगणकातील प्रोसेसरांजवळही हेच मनोरे आहेत. ज्या संस्थेने एके काळी काही किलोबाइटांत देवनागरी बसविण्याची खटपट केली, तिच्याच आवारात आज चित्रस्मृतीची ही दूरची वंशज मराठी-हिंदीसह साऱ्या भाषांचे गणित वाहू शकते.

एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या पिढीच्या मानकात एका मनोऱ्याचा रस्ता दुप्पट, म्हणजे २,०४८ तारांचा झाला आणि वाहतूक सेकंदास २ टेराबाइटपर्यंत पोहोचली. मात्र येथेच भविष्यकाळाचा पेच आहे. मनोऱ्याचा तळमजला आता ग्राहकाच्या गरजेनुसार, तर्कचिपांच्या कारखान्यात घडविण्याकडे कल आहे. तळमजला प्रत्येकाचा निराळा झाला, तर बाहेरचा रस्ता सारखा राहूनही आतील घर अदलाबदल करण्याजोगे राहील काय? शिवाय हे मनोरे मोठ्या प्रमाणावर बनविणाऱ्या कंपन्या तीनच आहेत: एसके हायनिक्स, सॅमसंग आणि मायक्रॉन. चकती बनविण्याची त्यांची क्षमता मर्यादित. जी चकती मनोऱ्याकडे जाते, ती घरगुती संगणकाच्या वाट्यास येत नाही. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत साध्या स्मृतीचे भाव झपाट्याने चढले, त्यामागे हेच मोठे कारण होते. ज्यास कृत्रिम बुद्धिमत्तेशी काही कर्तव्य नाही अशा विद्यार्थ्यालाही त्याची झळ पोहोचते.

भारताने या क्षेत्रात जुळणी व चाचणीच्या कामापासून आरंभ करावयाचे ठरविले आहे. गुजरातेतील साणंद येथे असा कारखाना उभारण्याची घोषणा मायक्रॉनने जून २०२३ मध्ये केली. जुळणी म्हणजे निर्मिती नव्हे, हे खरे. पण मनोऱ्यांच्या युगात रचणे आणि तपासणे यांनाच पूर्वी कधी नव्हते इतके महत्त्व आले आहे, हेही तितकेच खरे. मानक ठरविणाऱ्या मेजावर मात्र बसावयास मिळते ते ज्याच्यापाशी सांगण्याजोगे काही ज्ञान असते त्यालाच. केवळ मोठी बाजारपेठ असून भागत नाही.

व्हीरॅम, डब्ल्यूरॅम, एमडीरॅम, रॅम्बस, घन ही नावे आज बहुतेकांच्या स्मरणातून गेली आहेत. त्यांतील एकही मूर्खपणाची कल्पना नव्हती. त्यांच्या जागी जे टिकले, ते सर्वांत चतुर होते म्हणून नव्हे, तर अनेकांना बनविता आले, अनेकांना विकत घेता आले आणि एक बुडाला तरी दुसऱ्यास चालविता आले म्हणून टिकले. ‘बेबी’च्या काचेवरील ठिपक्यांपासून आजच्या मनोऱ्यांपर्यंत डीरॅमचा स्वभाव एकच राहिला आहे: तीत लिहिलेले पुनःपुन्हा लिहीत राहावे लागते, नाहीतर ते विरून जाते. मानकांचेही तसेच आहे. प्रतिस्पर्ध्यांनी पुनःपुन्हा एकत्र बसून ती नव्याने लिहावी लागतात. आज तीन कारखान्यांच्या हाती असलेले हे लेखन उद्या अधिक हातांत जाते की कमी, यावरच पुढच्या पिढीच्या पडद्यावर कोणाला किती जागा मिळेल, हे ठरणार आहे.